नेहमी दुसरा येणारा

ज्या माणसाला मी दुपारी तीन वाजता चिखलातून ढकलून बाहेर काढलं, त्याच माणसाने सहा वाजता माझ्या बाबांचं इंजिन माझ्या गाडीतून उपटून नेलं. आणि मी… मी बघत उभी राहिले. हातात ट्रॉफी, तोंड उघडं.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्ही त्याला शिव्या द्याल. मीही दिल्या, चांगले तीन महिने दिल्या. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

मे महिन्यातला रविवार होता. सकाळभर पाऊस पडून गेला होता. आमच्या हॅलोवे स्पीडवेचा शर्यतीचा गोल म्हणजे पाव मैल नुसती माती, डांबराचा पत्ता नाही. पाऊस पडला की तिचा शिरा होतो. मग गावातल्या झाडून साऱ्या गाड्या आत सोडायच्या आणि गोल गोल फिरवून माती दाबायची, ही आमची पद्धत. शर्यतीच्या गाड्या, शेतावरचे ट्रक, पाद्रीबाबांची मोटार, सगळे एका रांगेत. एकदा तर शववाहिकाही फिरली होती. रिकामी होती म्हणून.

माझ्यापुढे एक हिरवी गाडी होती, आठ नंबरची. दुसऱ्या वळणावर ती जी रुतली ती रुतलीच. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ आठ नंबर, गाड्या उभ्या करायची जागा बाहेर आहे."

त्याने हेल्मेट काढलं. ओले केस, कानाच्या पाळीवर चिखल, आणि चेहऱ्यावर हसू असं की जणू रुतायलाच आला होता.

"इथली माती फार प्रेमळ दिसते," तो म्हणाला. "एकदा धरलं की सोडतच नाही."

"माती ठीक आहे, तुमचा पाय जड आहे. तो उचला. मी मागून ढकलते."

"ओळख ना पाळख, आणि एकदम धक्का?"

"ओळख नंतर. मागे पाद्रीबाबा खोळंबलेत."

मी माझ्या गाडीचं नाक त्याच्या मागच्या बंपरच्या पट्टीला टेकवलं आणि हळूच रेटलं. हिरवी गाडी सुटली. खिडकीतून त्याचा हात बाहेर आला, आणि त्या हातात एक बारीक पांढरी काठी होती. गाडी चालवताना काठी कशाला, ते मला तासाभराने कळलं. शर्यतींआधी शाळेचा बँड राष्ट्रगीत वाजवतो. त्या दिवशी पोरांसमोर काठी हलवत उभा होता तो हाच, शर्यतीच्या पोशाखात, कानाला अजून चिखल. गीत संपलं, काठी बुटात खोचली आणि पळत आपल्या गाडीत जाऊन बसला. मिसुरीहून आलेला नवा बँडमास्तर, वेस प्रुइट. मला हसू आवरेना… आणि खरं सांगायचं तर, हसण्याखाली आणखीही काहीतरी हललं.

आता माझं सांगते. मी ब्रिटा हॅल्वरसन. हा गोल १९५१ साली युद्धावरून परतलेल्या अकरा शेतकऱ्यांनी ओटच्या शेतात काढला, त्यातले एक माझे आजोबा. तेव्हापासून आमच्या गावचं सगळं इथेच होतं. रविवारी चर्चची प्रार्थना पंधरा मिनिटं लवकर सुटते. गावचा आगीचा बंब इथल्या चेरीपाय नावाच्या गोडाच्या विक्रीतून आला. वादळात शाळेचं छप्पर उडालं तेव्हा दोन महिने वर्ग प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली भरले. माझ्या आईबाबांचं लग्न शर्यत सुटते त्या पांढऱ्या रेषेवर लागलं. आणि गावातलं कोणी गेलं की दफनाआधी त्याला एक शेवटची फेरी मिळते. मार्च महिन्यात माझ्या बाबांना, ऑर्विल हॅल्वरसनना, मिळाली. त्या एकाच फेरीत त्यांना मागे टाकायला कोणी गेलं नाही.

ते जायच्या आधीच्या थंडीत बाबांनी माझ्यासाठी एक इंजिन बांधलं. मी दिवा धरला, पाने दिले, शिव्या खाल्ल्या. बांधून झालं की वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने एक ओळ कोरायची, ही त्यांची सवय होती. या वेळी त्यांनी मला ओळ वाचू दिली नाही. झाकण स्वतः आवळलं.

"पहिली शर्यत जिंकलीस की उघड," ते म्हणाले. "त्याआधी उघडलंस तर वर बसून बघेन."

त्या मेच्या रविवारी मी जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा. वेस दुसरा आला, डर्क श्लेगेल तिसरा. डर्क म्हणजे आमच्या गावचा टायरवाला. वीस वर्षं बाबांच्या मागे मागे पळाला, त्यामुळे स्वभाव जरा आंबला होता. मी ट्रॉफी घेतली, आई पायऱ्यांवर रडत होती, आणि माझ्या डोक्यात एकच होतं… घरी जायचं, झाकण उघडायचं.

तेवढ्यात आर्डिसमावशी आली. आर्डिसमावशी तीस वर्षं आमच्याकडे गाड्या तपासते. त्याआधी शाळेची बस चालवायची, त्यामुळे अख्खं गाव तिला अजून घाबरतं. तिच्या हातात एक कागद होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

"ब्रिटा, तुझ्या इंजिनावर हक्क सांगितलाय."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. नियम आहे, सगळ्यांना पाठ आहे. जिंकणाऱ्याचं इंजिन दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचा कोणीही मागू शकतो. मागणाऱ्याने आपलं इंजिन बदल्यात द्यायचं. दोघांनी मागितलं तर वरच्या नंबराचा आधी. म्हणजे मग कोणी इंजिनावर भारी पैसे ओतत नाही. जिंकणाऱ्याने नाही म्हटलं तर मोसमभर घरी. नियम आहे खरा, पण आमच्याकडे तो वापरत कोण होतं? अठ्ठावीस वर्षांत एकानेही नाही. शेजाऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं दिसतं ते.

"कोणी?" मी विचारलं.

मावशीने मानेने दाखवलं. वेस उभा होता. हेल्मेट हातात, नजर जमिनीवर.

पायऱ्यांवरची आठशे माणसं उठून उभी राहिली. मी त्याच्यासमोर गेले.

"झाकण तेवढं उघडू द्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "दोन मिनिटं. आत माझ्या बाबांनी…"

"शर्यत संपली तेव्हा होतं तसंच जातं, पोरी," मावशी हळूच म्हणाली. "बोल्टाला हात लागला की तू बाद."

वेसने माझ्याकडे पाहिलं. साखळी-कप्पीने बाबांचं इंजिन वर उचललं गेलं, हवेत जरा झुललं, आणि हिरव्या गाडीत उतरलं. त्याचं खटारं माझ्या गाडीत आलं.

मावशीने पुढचे दोन नियम आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवले. एक, याच दोघांना पुन्हा अदलाबदल करायची तर ती मोसमाच्या शेवटच्या शर्यतीतच. दोन, आपसात ठरवून इंजिन फिरवलं, तसं नुसतं बोलणं झालेलं कळलं, तरी दोघंही या गोलावरून कायमचे बाहेर.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं," वेस म्हणाला. मी बोलले असते तर शिवीच आली असती.

घरी जाऊन मी त्याच्या इंजिनाचं झाकण उघडलं आणि पुन्हा हादरले. तेल पिणारं, खडखडणारं, झडपा सैल. हे घेऊन हा माणूस दुसरा आला होता? मग बाबांच्या इंजिनावर तर तो सगळ्यांना धूळ चारेल.

पण नाही चारली. पुढच्या रविवारी तो दुसरा आला. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा. मग तिसरा. मग पुन्हा दुसरा. मी त्याच्या खटाऱ्यावर सातवी, नववी येत होते, आणि तो बाबांच्या सोन्यासारख्या इंजिनावर एकदाही जिंकेना. लोक त्याला "दुसरा मास्तर" म्हणायला लागले. माझा संताप संताप व्हायचा. नेलंस ते नेलंस, निदान जिंक तरी.

मी दर रविवारी त्याच्या गाडीपाशी जाऊन भांडायला लागले. म्हणजे जायचे इंजिन बघायला, पण तोंडाला कुलूप कुठलं?

"किती वेळ गरम केलंत?"

"पाच मिनिटं."

"दहा. बाबा दहा मिनिटं करायचे. थंड इंजिनाला मारता? गाढव आहात का?"

"बँडमास्तर आहे. जवळपास तेच."

मी हसले नाही. निदान त्याच्यासमोर तरी नाही.

जूनच्या अखेरीला मी माझ्या वाटणीचा चेरीपाय त्याच्या गाडीच्या टपावर आदळला. "भूक नाही मला, टाकून द्यायचा होता." त्याने बोटांनीच खाल्ला. ओठाच्या कडेला चेरीचा रस राहिला होता. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि तिकडेच बघत राहिले.

"झाकण उघडलंत ना तुम्ही?" मी विचारलं. "झडपा नीट केल्यात म्हणजे उघडलंच असणार. काय लिहिलंय आत?"

तो खाता खाता थांबला.

"ते तुमच्यासाठी आहे."

"म्हणूनच विचारतेय ना."

"दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही स्वतः वाचा."

"कधी? माझ्या शेवटच्या फेरीच्या दिवशी?"

त्याने शेजारच्या खोक्यातून एक खिळा उचलून खिशात टाकला आणि बँडच्या पोरांना ओरडायला निघून गेला. मला तेव्हा वाटलं, चोर तो चोर, वर घुम्या.

जुलैमध्ये मी त्याचं खटारं पूर्ण उकललं. रोज संध्याकाळी, कामावरून आल्यावर. बाबांनी शिकवलेलं सगळं आठवून झडपा बसवल्या, तेल गळायचं थांबवलं. आठवी आले, मग सहावी, मग चौथी. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी पहिल्यांदा शेवटच्या फेरीत त्याच्या अगदी मागे होते, म्हणूनच कळलं.

डर्क पुढे होता, वेस दुसरा, मी तिसरी. शेवटच्या वळणात बाबांच्या इंजिनाचा आवाज खाली आला. तो आवाज मला माझ्या आईच्या हाकेसारखा ओळखू येतो. टायर घसरलं की आवाज चढतो. पाय उचलला की उतरतो. वेसने पाय उचलला होता. डर्कला गाठायला दोन हात राहिले असताना, जाणूनबुजून.

मी गाडीतून उतरले ती थेट त्याच्यापाशी.

"तू सोडलीस शर्यत," मी म्हणाले. 'तुम्ही' कुठे पडलं ते मलाही कळलं नाही.

"टायर घसरलं."

"खोटं. मला ऐकू येतं."

"ब्रिटा," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "मला विचारू नकोस. तुझ्या पाया पडतो, विचारू नकोस."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की धूळ गेली होती, देव जाणे. मी सुन्न होऊन परत आले. असा कसा माणूस? दुसऱ्याचं हिसकावून नेतो, आणि मग त्यावर जिंकतही नाही?

उत्तर मिळालं ते मोसमाच्या शेवटच्या रविवारी, एक सप्टेंबरला. आर्डिसमावशीचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. ती माझी गाडी तपासायला वाकली आणि चाकाकडे बघत बोलायला लागली.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, समजलं? मी म्हातारी आहे, चाकांशी बोलते. मे महिन्यात माझ्या हातात दोन कागद आले होते. पहिला डर्कचा. ऑर्विलचं शेवटचं इंजिन दुकानाच्या काचेत ठेवणार, खाली पाटी लावणार, असं तो सँडविचच्या रांगेत उभा राहून सगळ्यांना सांगत होता. नव्या मास्तराने ते ऐकलं असावं. दुसरा कागद त्याचा. नंबर वरचा, म्हणून इंजिन त्याला."

माझ्या हातातला पाना खाली पडला.

"आता चाका, तूच सांग," मावशी पुढे म्हणाली, "तो एकदा जरी जिंकला असता तर डर्कने काय केलं असतं?"

हक्क सांगितला असता. दुसऱ्याच दिवशी बाबांचं इंजिन काचेत गेलं असतं. म्हणून तो जिंकत नव्हता. सगळा उन्हाळा, गावाचे टोमणे खात, माझ्या शिव्या खात… आणि तोंड उघडायची सोय नाही, कारण बोलला असता तर दोघंही बाहेर. मी इंजिनाच्या झाकणावर हात टेकून उभी राहिले. लाज वाटली, रडू आलं, आणि त्या माणसावर इतकं प्रेम आलं की हेल्मेट घालताना पट्टा लागेना.

पलीकडे तो पोरांसमोर काठी हलवत होता. एकदा नजरानजर झाली. मी काही बोलू शकत नव्हते. त्याने काठी बुटात खोचली आणि गाडीकडे पळाला.

पंचवीस फेऱ्या होत्या. माझ्या डोक्यातला हिशोब साधा होता. वेसने जिंकायचं, मी दुसरं यायचं, मी हक्क सांगायचा. बस्स. पण बाविसाव्या फेरीला बघते तर पहिली मीच. त्याचं ते खटारं असं पळत होतं की माझाच विश्वास बसेना. मागे वेस, त्याच्या मागे डर्क.

मी पाय थोडा उचलला. ये, पुढे जा. तो आला नाही. मी आणखी सोडला. आता डर्कचं नाक आतल्या बाजूने दिसायला लागलं. वेसला पुढे सोडताना डर्कही माझ्या पुढे गेला तर हक्क आधी त्याचा, सगळंच संपलं. जा ना रे पुढे, मी हेल्मेटमध्ये ओरडत होते, जा ना.

आणि तेव्हा मागून धक्का बसला. हलकासा. बाबांच्या इंजिनाने माझ्या मागच्या पट्टीला नाक टेकवलं होतं आणि मला पुढे रेटत होतं… मेमध्ये मी त्याला चिखलातून काढलं होतं, अगदी तस्संच.

मी पाय दाबला. दुसरं काही सुचलंच नाही. शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा आधी माझ्यासाठी हलला. मी पहिली, वेस दुसरा, डर्क तिसरा.

मी गाडीतून उतरले आणि चाकाला टेकून खाली बसले. जिंकले होते, आणि बाबांचं इंजिन हातचं गेलं होतं. हरणाऱ्याकडून काही मागता येत नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला त्यांचा राग येत होता.

आर्डिसमावशी आली. हातात एक कागद.

"ब्रिटा, तुझ्या इंजिनावर हक्क सांगितलाय."

मी वर पाहिलं. तिच्या मागे वेस उभा. कानाच्या पाळीवर चिखल.

"याला… याचंच खटारं परत हवंय?" मी विचारलं.

"हवंय," मावशी म्हणाली. "आणि नियमाप्रमाणे बदल्यात तो त्याच्या गाडीतलं देणार."

शंभर वेळा वाचलेला नियम. उन्हाळाभर मी एकाच बाजूने बघत होते… तो जिंकेल आणि मी मागेन. मी जिंकले तरी तेच होतं, हे इंजिनांत जन्म गेलेल्या मला सुचलं नाही आणि एका बँडमास्तराला सुचलं. मी हसत होते की रडत होते, आईला विचारा, तिने पायऱ्यांवरून पाहिलंय. डर्कने जाताना टोपी काढली, ती इंजिनासाठी की माझ्यासाठी, ते माहीत नाही.

बाबांचं इंजिन साखळीवरून माझ्या गाडीत उतरलं. मावशीने बोल्टांवर खूण केली, वहीत सही केली आणि म्हणाली, "आता तुझं. उघड."

वेस दोन पावलं मागे सरकला.

"इथेच थांब," मी म्हणाले.

झाकण उघडलं, पुसलं, उन्हाकडे धरलं. वर बाबांचं अक्षर.

'१४ जानेवारी. उणे बावीस. ब्रिटाने दोनदा पाना पाडला, एकदा माझ्या पायावर. इंजिन झकास झालंय. पण ही पोरगी याच्याशिवायही जिंकेल.'

मी किती वेळ ते वाचत होते, माहीत नाही. मग त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी ओळी दिसल्या. वेगळा हात.

'२६ मे. दुसरा. ती माझ्याकडे बघत नाही.'
'९ जून. तिसरा. गाढव म्हणाली. बरं वाटलं.'
'३० जून. दुसरा. चेरीपाय.'
'११ ऑगस्ट. दुसरा. तिला ऐकू आलं.'
आणि सगळ्यात खाली, 'उद्या शेवटची. ती जिंकली, तर हे वाचेल. मग विचारेन… माझ्याशी लग्न करशील?'

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बुटातली काठी काढून हातात फिरवत होता.

"कोणालाच सांगता येत नव्हतं," तो म्हणाला. "मग मी तुझ्या बाबांना सांगत होतो."

"खिळा आहे?" मी विचारलं.

त्याने खिशातून काढून दिला. मी झाकण गुडघ्यावर ठेवलं. पत्र्यावर कोरायला जोर लागतो, आणि घाईत अक्षर वाकडं येतं. आलं तर आलं.

'१ सप्टेंबर. पहिली. हो.'

त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मटकन माझ्या शेजारी मातीत बसला.

"मास्तर," मी म्हणाले, "उठा. पांढरी रेषा तिकडे आहे. पाद्रीबाबांना विचारून येऊ, पुढचा मे मोकळा आहे का."